आठवड्याच्या नोंदी आणि अखंड वक्र: अरेषीय अवकल समीकरणांची जुळी अंतर समीकरणे

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या ३१ आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने आठवड्यागणिक किती माणसे दगावली, याचा आलेख १९२७ साली दोन संशोधकांनी आपल्या शोधनिबंधात छापला. विल्यम ओगिल्वी केरमॅक हे एडिंबरोतील रसायनशास्त्रज्ञ होते आणि प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेलेली होती. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे डॉक्टर होते आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांनी बरीच वर्षे काढली होती. आलेखावरच्या सुट्या बिंदूंमधून त्यांनी एक गुळगुळीत वक्र नेला. हळूहळू चढणारा, सतराव्या आठवड्याच्या सुमारास आठवड्याला ८९० मृत्यूंचे शिखर गाठणारा आणि तितक्याच हळूहळू उतरणारा हा वक्र एका अवकल समीकरणातून आलेला होता.

या चित्रात दोन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी बसल्या आहेत. साथ अखंड चालते. माणूस सोमवारी सकाळी आजारी पडतो तसा गुरुवारी मध्यरात्रीही पडतो. नोंदवही मात्र आठवड्याला एकच ओळ लिहिते. अखंड बदलाचा नियम सांगणाऱ्या समीकरणाला अवकल समीकरण म्हणतात, कारण त्यात ‘या क्षणी बदलाचा दर किती’ हे सांगितलेले असते. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या बदलाचा नियम सांगणारे ते अंतर समीकरण. त्यात ‘या ओळीवरून पुढची ओळ कशी काढायची’ एवढेच सांगितलेले असते. संगणकाला अवकल समीकरण सोडवायला दिले की तो बहुतेक वेळा त्याचे अंतर समीकरण करूनच सोडवतो, कारण त्याला क्षण समजत नाही, पायरी समजते. हे रूपांतर कसे करायचे, आणि मूळ समीकरण अरेषीय असेल तर ते निष्काळजीपणे केल्याने काय बिघडते, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की चांगले अंतर समीकरण ही मूळ समीकरणाची ओबडधोबड नक्कल नसते. काही समीकरणांच्या बाबतीत ते मूळ समीकरणाचे जुळे भावंड असते आणि प्रत्येक पायरीवर नेमके त्याच वक्रावर पाऊल ठेवते.

आधी ‘अरेषीय’ या शब्दाविषयी. बदलाचा दर जर फक्त आहे त्या राशीच्या पटीत असेल, तर समीकरण रेषीय असते. बँकेतल्या ठेवीवरचे व्याज हे त्याचे घरगुती उदाहरण. रेषीय समीकरणाची दोन उत्तरे मिळाली की त्यांची बेरीजही उत्तरच असते, त्यामुळे लहान उत्तरे जोडून मोठे उत्तर उभे करता येते. दरामध्ये राशीचा वर्ग आला, किंवा दोन राशींचा गुणाकार आला, की ही सोय संपते. साथीत असा गुणाकार हटकून येतो, कारण आजार पसरायला आजारी माणूस आणि निरोगी माणूस एकमेकांच्या संपर्कात यावे लागतात.

अरेषीय समीकरणांतले सर्वांत साधे म्हणजे लॉजिस्टिक समीकरण. बेल्जियमचे गणिती पिएर फ्रांस्वा व्हरहुल्स्ट यांनी ते १८३८ साली लोकसंख्येसाठी मांडले. मॅकेंड्रिक यांनीही एम. केशव पै यांच्यासह जिवाणूंच्या वाढीवर लिहिताना १९११ च्या सुमारास तेच समीकरण स्वतंत्रपणे गाठले होते. जागा आणि अन्न पुरेल एवढी कमाल संख्या १ धरली, तर ते असे वाचता येते: वाढीचा दर = आहे ती संख्या × (१ − आहे ती संख्या). संख्या थोडी असते तेव्हा कंसातली राशी जवळजवळ १ असते आणि वाढ चक्रवाढीने होते. संख्या १ च्या जवळ आली की कंस शून्याकडे जातो आणि वाढ थांबते. कुठल्याही लहान संख्येपासून सुरुवात केली तरी उत्तर एकच वळण घेते: संथ चढ, वेगाने चढ, पुन्हा संथ चढ आणि १ शी येऊन टेकणे. ते १ ओलांडत नाही, मागे वळत नाही आणि डगमगतही नाही.

आता याचे पायऱ्यांत रूपांतर करू. सर्वांना पहिल्यांदा सुचते ती रीत लिओनार्ड ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाते. काळाचे एक पाऊल घ्यायचे, त्याला ‘प’ म्हणू. पावलाच्या सुरुवातीला जो दर आहे तोच पाऊलभर कायम राहतो असे धरायचे, आणि लिहायचे:

नवे = जुने + प × जुने × (१ − जुने)

प फार लहान ठेवला तर ही रीत बरी चालते. पण प = २.५ घेऊन आणि ०.१ पासून सुरुवात करून वहीत मांडून पाहा. यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो. पहिल्या पावलाला ०.३२५ येते, दुसऱ्याला ०.८७३, तिसऱ्याला १.१५०. म्हणजे जी मर्यादा मूळ समीकरण कधीच ओलांडत नाही, ती ओलांडली गेली. चौथ्या पावलाला ०.७१९, पाचव्याला १.२२४, सहाव्याला ०.५३८, सातव्याला १.१६०. पुढे कितीही पाने भरली तरी आकडे १ वर स्थिरावत नाहीत, १.२२५, ०.५३६, १.१५८ आणि ०.७०१ या चार किमतींच्या फेऱ्यात ते फिरत राहतात. प = ४ घेऊन ०.५ पासून सुरुवात केली तर पहिल्या पावलाला १.५ आणि दुसऱ्या पावलाला −१.५ येते, म्हणजे लोकसंख्या उणे दीड.

हा हिशेबातल्या चुकीचा परिणाम नव्हे. ऑयलरच्या रीतीने तयार झालेले अंतर समीकरण हे स्वतःच्या स्वभावाचे वेगळेच समीकरण आहे. प २ पेक्षा कमी असेपर्यंत ते १ कडे जाते. २ ओलांडले की दोन किमतींत झुलते. ६ च्या वर्गमुळाच्या, म्हणजे सुमारे २.४४९ च्या पुढे चार किमतींत, मग आठ किमतींत. आणि सुमारे २.५७ च्या पुढे त्यात केऑस सुरू होतो, म्हणजे आकडे कुठलाच ठरावीक फेरा न धरता अनियमितपणे उसळत राहतात. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हेच समीकरण जगभर प्रसिद्ध झाले. जे कीटक वर्षातून एकदाच अंडी घालतात आणि ज्यांच्या पिढ्या एकमेकींत मिसळत नाहीत, त्यांच्यासाठी पायरीचे समीकरण हेच खरे समीकरण असू शकते आणि तिथे हा गोंधळ अर्थपूर्ण ठरतो. पण ज्याला अखंड वाढ समजून घ्यायची होती आणि ज्याने केवळ हिशेबाच्या सोयीसाठी काळाचे तुकडे केले, त्याच्या पडद्यावर दिसणारी ही खळबळ तुकड्यांनी निर्माण केलेली असते. मला हा प्रकार गंभीर वाटतो, कारण आकडे उणे आले तर चूक निदान कळते. चार किमतींचा नेटका फेरा आला तर तो निसर्गाचा नियम म्हणून खपून जाऊ शकतो.

मग मूळ वक्रावरूनच चालणारी पायरी कशी सापडते? लॉजिस्टिक समीकरणाच्या बाबतीत किल्ली अगदी शाळेतली आहे. संख्येऐवजी तिच्या व्यस्तांकाकडे पाहायचे. संख्या ०.१ असेल तर व्यस्तांक १०. त्यातून १ वजा केला की ९ उरतात. या उरलेल्या राशीचा बदलाचा दर काढला तर तो तिच्या स्वतःच्या उणे एवढाच येतो. वर्ग नाहीसा झाला, समीकरण रेषीय झाले, आणि ते आपल्या ओळखीचे आहे: ही राशी प्रत्येक पावलाला एका ठरावीक गुणकाने भागली जाते. तो गुणक म्हणजे २.७१८२८… या संख्येचा ‘प’ वा घात. त्याला आपण ‘ग’ म्हणू. प = २.५ असेल तर ग = १२.१८२५.

आता पुन्हा वही उघडू. ९ ला १२.१८२५ ने भागले की ०.७३८८ येतात, त्यात १ मिळवला की १.७३८८, त्याचा व्यस्तांक ०.५७५. हे पहिले पाऊल. ०.७३८८ ला पुन्हा १२.१८२५ ने भागले की ०.०६०६, १ मिळवून उलटले की ०.९४३. तिसऱ्या पावलाला ०.९९५ आणि चौथ्याला ०.९९९६. पाऊल तेच २.५ चे आहे, पण इथे ओलांडणे नाही आणि झुलणेही नाही. शिवाय हे आकडे जवळपासचे नाहीत. मूळ समीकरणाचे उत्तर त्या त्या क्षणी जे असते तेच हे आहेत, दशांश स्थळे आपण लिहू तितकी. व्यस्तांकाची वाट गुंडाळून सरळ संख्येच्या भाषेत लिहिले तर अंतर समीकरण असे होते:

नवे = ग × जुने ÷ (१ + (ग − १) × जुने)

विशेष म्हणजे मत्स्यशास्त्रात हे समीकरण स्वतंत्र वाटेने आले. रेमंड बेव्हरटन आणि सिडनी होल्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५७ साली समुद्रातल्या माशांच्या साठ्याविषयी जे प्रारूप मांडले, त्याचा साचा हाच आहे.

याच समीकरणाची जरा फेरमांडणी केली की ऑयलरच्या रीतीत नेमके काय चुकले ते उघड दिसते. फेरमांडणी अशी:

नवे − जुने = (ग − १) × जुने × (१ − नवे)

ऑयलरच्या ओळीशेजारी ही ओळ ठेवली तर फक्त दोन ठिकाणी फरक आहे. पहिला, ‘प’ च्या जागी ‘ग − १’ आले. दुसरा, कंसात ‘जुने’ च्या जागी ‘नवे’ आले, म्हणजे वर्गाची जागा जुन्या आणि नव्या संख्यांच्या गुणाकाराने घेतली.

पहिला फरक सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला आहे. ऑयलरची पायरी पाऊलभर सरळव्याज लावते. निसर्ग क्षणाक्षणाला चक्रवाढ करत असतो. प = ०.०१ असेल तर ग − १ = ०.०१००५, म्हणजे दोहोंत भेद नाही म्हटले तरी चालेल. प = १ असेल तर ग − १ = १.७१८, आणि प = २.५ असेल तर ११.१८. मोठ्या पावलाला सरळव्याज किती अपुरे पडते ते यावरून कळते. दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. गर्दीचा अडथळा पावलाच्या सुरुवातीच्या संख्येवरूनच मोजला, तर पाऊल चालू असताना वाढत गेलेली गर्दी हिशेबात येत नाही आणि संख्या मर्यादेपलीकडे उडी मारते. अडथळा ‘नवे’ वरून मोजला की १ च्या पलीकडे जाणे शक्यच राहत नाही, कारण नवे १ ला पोचले की कंस शून्य होतो.

पायरीच्या समीकरणातला भाजक (बदलाला ज्याने भागले की दर मिळतो ती संख्या, म्हणजे वरचा ‘प’ किंवा ‘ग − १’) त्या प्रक्रियेच्या स्वभावातून यावा लागतो, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली. ती त्याने थेट किमतींची न देता लागोपाठच्या किमतींमधील फरकांची दिली: २२५, २२४, २२२, २१९… पायरी २२५ कलांची, म्हणजे पावणेचार अंशांची. नियम असा की पुढचा फरक काढायला आधीच्या फरकातून तोवरच्या ज्येचा २२५ वा भाग वजा करायचा. आजच्या भाषेत हे दोलनाच्या अवकल समीकरणाचे अंतर समीकरण आहे. रेषीय आहे, पण धडा तोच आहे. या पायरीला अगदी नेमका बसणारा भाजक २२५ नसून सुमारे २३३.५३ आहे, आणि केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी ‘तंत्रसंग्रहा’त तो दोनशे साडेतेहतीस, म्हणजे २३३.५ दिला आहे. पायरी तीच ठेवून भाजक सुधारल्यावर सारणी वक्रावर अधिक घट्ट बसते. लॉजिस्टिक समीकरणात ‘प’ च्या जागी ‘ग − १’ घेणे ही त्याच जातीची दुरुस्ती आहे.

आता मुंबईकडे परत येऊ. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या मूळ समीकरणात एक घातांकी पद होते आणि त्यामुळे ते सरळ सूत्रात सुटत नव्हते. त्यांनी त्या पदाचा विस्तार केला, वर्गापर्यंतची पदे ठेवली आणि पुढची सोडली. उरले ते लॉजिस्टिकच्याच कुळातले समीकरण. शिखराच्या क्षणी शून्य, साथीच्या फार आधी −१ आणि साथ पूर्ण ओसरल्यावर +१ अशी एक मोजपट्टी घेतली आणि तिच्यावरच्या स्थानाला ‘स’ म्हटले, तर मुंबईच्या आकड्यांसाठी ते समीकरण असे होते: आठवड्यामागे स च्या बदलाचा दर = ०.२ × (१ − स चा वर्ग). स ला ४,४५० ने गुणले की शिखरापासून मोजलेले मृत्यू मिळतात. सूत्राप्रमाणे संपूर्ण साथीतले मृत्यू ८,९०० च्या आसपास भरतात. शोधनिबंधात आठवड्याच्या मृत्यूंसाठी ८९० गुणिले हायपरबोलिक सीकंट या घंटेच्या आकाराच्या फलनाचा वर्ग असे सूत्र आहे, आणि ते याच समीकरणाचे उत्तर आहे.

याचे जुळे अंतर समीकरण, एका आठवड्याच्या पावलाने, असे:

नवा स = (जुना स + ०.१९७३८) ÷ (१ + ०.१९७३८ × जुना स)

०.१९७३८ ही ०.२ ची हायपरबोलिक टॅन्जंट आहे; हे फलन नेहमी −१ आणि +१ यांच्या दरम्यान राहते. सतराव्या आठवड्याला शिखर, म्हणजे स = ०. अठराव्याला स = ०.१९७३८. एकोणिसाव्यासाठी वर ०.३९४७६ आणि खाली १.०३८९६, म्हणजे ०.३७९९५. विसाव्याला ०.५३७०५. लागोपाठच्या फरकांना ४,४५० ने गुणले की या तीन आठवड्यांचे मृत्यू ८७८, ८१२ आणि ६९९ येतात, आणि त्यांची बेरीज, २,३९० च्या आसपास, गुळगुळीत वक्राखाली येणाऱ्या क्षेत्रफळाशी तंतोतंत जुळते. त्याच तीन आठवड्यांसाठी ऑयलरची पायरी ८९०, ८५४ आणि ७५३ असे आकडे देते. तीन ओळींतच शंभरावर मृत्यूंचा फरक पडतो. भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला हे सूत्र ओळखीचे वाटेल. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत दोन वेगांची बेरीज करण्याचा नियम हाच आहे. तिथे जशी प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडता येत नाही, तशी इथे स ला +१ ओलांडता येत नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. प्लेग उंदीर आणि पिसवा यांच्या मार्फत पसरतो, ऋतूप्रमाणे त्याचा जोर बदलतो, आणि हे समीकरण त्यातले काहीच जाणत नाही. वक्र आकड्यांवर छान बसला, एवढ्यावरून साथीची कारणमीमांसा बरोबर ठरत नाही. अंतर समीकरण अवकल समीकरणाशी प्रामाणिक राहते. अवकल समीकरण मुंबईच्या गल्ल्यांशी किती प्रामाणिक होते, हा वेगळा प्रश्न आहे.

ज्या समीकरणात बदलाचा दर म्हणजे एक स्थिरांक, राशीची एक पट आणि राशीच्या वर्गाची एक पट यांची बेरीज असते, त्या सर्वांना इटालियन गणिती जाकोपो रिकाती यांच्या नावाने रिकाती समीकरणे म्हणतात. वरची दोन्ही उदाहरणे त्यांतलीच. या संपूर्ण कुळाला जुळे अंतर समीकरण असते आणि त्याचा साचा नेहमी एकच असतो: अंशात जुन्या किमतीची एक पट अधिक एक संख्या, छेदातही तसेच. चार सहगुणक दोन ओळी आणि दोन स्तंभ अशा मॅट्रिक्समध्ये मांडले की एक पायरी चढणे म्हणजे त्या मॅट्रिक्सने एकदा गुणणे. सतरा आठवडे पुढे जायचे असेल तर मॅट्रिक्सचा सतरावा घात घ्यायचा. अरेषीय समीकरण पायऱ्यांच्या भाषेत आणले आणि त्याच्या पोटातून रेषीय गुणाकार निघाला, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटते.

चौकस वाचक इथे आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप योग्य आहे. ज्या समीकरणाचे उत्तर आधीच सूत्राने माहीत आहे, त्याचेच नेमके अंतर समीकरण लिहिता आले. मग त्याचा उपयोग काय? तत्त्वतः, उत्तर एकमेव असणाऱ्या प्रत्येक अवकल समीकरणाला नेमके अंतर समीकरण असतेच, कारण आजच्या स्थितीवरून पावलानंतरची स्थिती पूर्णपणे ठरलेली असते. पण ते लिहून दाखवणे म्हणजे मूळ समीकरण सोडवणेच असते, आणि बहुतेक अरेषीय समीकरणे अशी सुटत नाहीत.

या अडचणीतून वाट काढण्याचे मोठे काम अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉनल्ड मिकेन्स यांनी केले. सुटणाऱ्या समीकरणांची नेमकी अंतर समीकरणे त्यांनी तपासली आणि त्यांत वारंवार दिसणाऱ्या खुणा वेचल्या. वर आपण पाहिलेल्या दोन दुरुस्त्या त्यांतल्याच: पावलाच्या जागी प्रक्रियेच्या स्वभावातून आलेला भाजक, आणि वर्ग किंवा गुणाकार एकाच क्षणी न मोजता जुन्या आणि नव्या क्षणांत वाटून मोजणे. या खुणा न सुटणाऱ्या समीकरणांवर वापरायच्या. १९९४ सालच्या त्यांच्या पुस्तकानंतर ही रीत साथी, शिकारी-भक्ष्य आणि रासायनिक अभिक्रिया यांच्या प्रारूपांत सर्रास वापरली जाऊ लागली.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या पूर्ण समीकरणावर ती वापरून पाहू. हजार माणसांच्या वस्तीत ५०० निरोगी पण लागण होऊ शकणारे, ३०० आजारी आणि २०० आजारातून गेलेले आहेत. लागणीचा दर आठवड्याला ४ आणि आजारातून बाहेर पडण्याचा दर आठवड्याला १ धरू. ऑयलरच्या पायरीने आठवडाभरात नव्या लागणी होतात ४ × ५०० × ०.३ = ६०० (०.३ हा वस्तीतला आजाऱ्यांचा वाटा), म्हणजे ५०० निरोगी माणसांतून ६०० आजारी पडली आणि उणे १०० उरली. आता दुसरी पायरी. पावलाच्या जागी २.७१८ − १ = १.७१८ घेऊ. लागण मोजताना जुने आजारी आणि नवे निरोगी यांचा गुणाकार घेऊ, आणि आजारातून बाहेर पडणारे मोजताना नवे आजारी घेऊ. मग नवे निरोगी = ५०० ÷ (१ + १.७१८ × ४ × ०.३) = १६३.३. या भागाकारातून उणे संख्या निघूच शकत नाही, कारण वर आणि खाली फक्त अधिक राशी आहेत. नवे आजारी येतात २३४.२ आणि आजारातून गेलेले ६०२.५. तिन्हींची बेरीज पुन्हा बरोबर १,०००, आणि ही बेरीज योगायोगाने जुळलेली नाही. एका रकान्यातून वजा झालेली राशी अक्षरशः तशीच दुसऱ्या रकान्यात मिळवली जाते.

हे उत्तर नेमके नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आठवड्याचे बारीक तुकडे करून मूळ समीकरण सोडवले तर निरोगी सुमारे १२१ आणि आजारी सुमारे ३२५ येतात. आकड्यांत चूक आहे, आणि ती पाऊल लहान करूनच कमी होईल. पण पाऊल कितीही मोठे असले तरी माणसे उणे होत नाहीत आणि हजाराची नऊशे किंवा अकराशे होत नाहीत. ज्या प्रारूपावरून कोणी खाटांचा किंवा लशींचा अंदाज बांधणार असेल, त्यात ही हमी मला आकड्याच्या तिसऱ्या दशांश स्थळापेक्षा मोलाची वाटते.

शिकारी आणि भक्ष्य यांच्या लोटका-व्होल्टेरा समीकरणांतही असेच घडते. मूळ समीकरणात दोन्ही संख्या एका बंद वळणावर कायम फिरत राहतात. ऑयलरच्या पायरीने ते वळण फेऱ्यागणिक बाहेर फाकत जाते. विल्यम कहान यांनी १९९३ साली सुचवलेल्या रीतीत दोन राशींच्या गुणाकाराऐवजी ‘एकाची जुनी, दुसऱ्याची नवी’ आणि ‘एकाची नवी, दुसऱ्याची जुनी’ अशा दोन गुणाकारांची सरासरी घेतात. एवढ्याने ते फाकणे थांबते.

सगळीकडे गाडी इतकी सरळ चालत नाही. एखादी ताठ स्प्रिंग घ्या, जिचे मागे ओढणारे बल काही अंशी ताणाच्या आणि काही अंशी ताणाच्या घनाच्या पटीत आहे. तिचे उत्तर याकोबींच्या एलिप्टिक फलनांत (साइनसारख्या, ठरावीक अंतराने त्याच किमती पुन्हा घेणाऱ्या फलनांत) लिहिता येते, आणि त्या फलनांच्या बेरजेच्या सूत्रावरून नेमके अंतर समीकरणही मिळते: पुढचे स्थान अधिक मागचे स्थान = आत्ताच्या स्थानाची एक पट, भागिले आत्ताच्या स्थानाच्या वर्गाची एक पट अधिक एक स्थिरांक. कणत्वरकांचा, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांचा, अभ्यास करताना एडविन मॅकमिलन यांना याच साच्याचे समीकरण भेटले होते. पण लॉजिस्टिक समीकरणातला ‘ग’ जसा फक्त पावलावर ठरतो आणि सुरुवात ०.१ पासून करा की ०.४ पासून, तोच राहतो, तसे इथे होत नाही. इथले सहगुणक झोक्याच्या उंचीवरही अवलंबून असतात, कारण अशा स्प्रिंगचा आवर्तकाल झोका किती मोठा आहे त्यावर बदलतो. दोन सेंटिमीटरच्या झोक्यासाठी काढलेले सहगुणक पाच सेंटिमीटरच्या झोक्याला लावले, तर पायऱ्या वक्र सोडून जातात. नव्या झोक्यासाठी सहगुणक पुन्हा पहिल्यापासून काढावे लागतात.